जो जास्त ओरडतो त्याला आधी द्यायचं का?

प्रश्न : काका नमस्कार. नाव छापू नका, औसा तालुक्यातला आहे एवढंच लिहा. एका खाजगी ज्युनिअर कॉलेजात क्लार्क आहे, हातात २६,००० पडतात, बायको शिवणकाम करते तिचे पाचेक हजार, आणि तीन एकर सोयाबीन. पोरगी लातूरला नीटच्या क्लासला. तिच्या फीसाठी आधी पर्सनल लोन काढलं, मग रूम-मेसला कार्ड वापरलं, मग कार्ड भरायला ॲपवरनं पैसे उचलले, मग ॲप भरायला गावातच शेकडा तीननं घेतले, आता कोणत्या हप्त्यासाठी कोणतं कर्ज घेतलं तेच आठवंना झालंय. महिन्याला २४ हजाराच्या आसपास नुसते हप्ते जायलेत. फोन वाजला की छातीत धस्स होतं, पहाटे तीनला जाग आली की परत डोळा लागत नाही. बायकोला निम्मंच माहितीय. परवा एका कंपनीचा फोन आला, ते म्हणले सगळे हप्ते बंद करा, दर महिन्याला आमच्याकडं पैसे जमा करा, आम्ही निम्म्यात सेटल करून देतो, याला डेट मॅनेजमेंट प्लॅन म्हणतात. करू का? कधी कधी वाटतं सगळं सोडून द्यावं, नको नको ते विचार येतात.

उत्तर : दादा, तुमचं शेवटचं वाक्य आधी घेतो, हिशोब नंतर. नको नको ते विचार येतात असं तुम्ही अनोळखी माणसाला लिहिलंत, तेच आज घरातल्या एका माणसाला तोंडानं सांगा. बायकोला नाही जमलं तर भावाला, मित्राला, पण आजच. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, वेडंबिडं कुणी ठरवत नाही. आणि शेती आहे म्हणजे घरात फवारणीचं औषध असणार, ते आज उचलून दुसऱ्याच्या घरी ठेवा, लागेल तेव्हा आणता येईल. हे मी उगं घाबरवायला लिहीत नाही, मराठवाड्यात राहून हे न लिहिता पुढं जाणं मला जमत नाही. कर्ज कितीही असलं तरी आपल्याकडं नुसतं थकलं म्हणून कुणाला जेलात टाकत नाहीत, तो दिवाणी मामला आहे. फक्त चेक किंवा खात्यातनं जाणारा ऑटो हप्ता बाउन्स झाला तर त्याची वेगळी केस होऊ शकते, म्हणून कोरे चेक कुणाकडं पडून आहेत ते आठवून ठेवा.

आता ती कंपनी. डेट मॅनेजमेंट प्लॅन ही इंग्लंडकडं चालणारी गोष्ट. तिथं धर्मादाय संस्था हे काम फुकट करतात, तुमचा पगार-खर्च बघून महिन्याची एक रक्कम ठरवतात, ती सगळ्या घेणेकऱ्यांमध्ये ज्याचं जेवढं येणं त्या प्रमाणात वाटून देतात, आणि व्याज थांबवा अशी विनंती करतात. विनंतीच, कारण तो प्लॅन तिथंही कायद्यानं बंधनकारक नाही, व्याज थांबेलच असं नाही, आणि हप्ते चुकल्याची नोंद तिथल्या क्रेडिट फाइलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवर, सहा वर्षं राहते. तुम्हाला फोन करणारा मात्र हप्ते बंद करा म्हणतोय. ते बंद केले की ९० दिवसांनी खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जात, जातं, दंड चढतो, वसुलीवाले दारात येतात, आणि तोपर्यंत कंपनीची फी तुमच्याकडनं कापलेली असते. मी बँकेत असताना शाखेत अशी माणसं यायची, बिचाऱ्यांना वाटायचं कंपनी आमच्याशी बोलतीय, आणि आमच्याकडं कुणाचा एक कागदसुद्धा आलेला नसायचा. त्या फोनला नाही म्हणा. प्लॅन मात्र करायचाय, आणि तो घरच्या घरी होतो.

पत्रासोबत तुम्ही आकडे पाठवलेत ते मांडतो. पर्सनल लोन ३,१०,००० बाकी, कार्ड ७८,०००, दोन ॲप मिळून २२,०००, गाडी ४१,०००, पतसंस्थेत सोनं ठेवून घेतलेले ९०,०००, साडूचे हातउसने ६०,०००, गावातले ५०,०००. बेरीज ६,५१,०००. ही बेरीज तुम्ही केलेली नव्हती, कागदावर तिची जागा कोरी होती ते मी बघितलं. माझ्या अंदाजानं पहाटे तीनला उठवणारी गोष्ट हीच, साडेसहा लाख हा आकडा नाही तर तो किती आहे हे माहीत नसणं. मी स्वतः एकदा मित्राच्या कर्जाला जामीन राहिलो होतो आणि नोटीस आली तर ते पाकीट अकरा दिवस फ्रीजवर तसंच ठेवलं होतं, बँकेत नोकरीला असून! उघडलं तर आतली रक्कम मी मनात धरली होती त्याच्या निम्मीपण नव्हती.

घरात येतात ३१,०००, पोरीच्या मेस-रूमसकट घरखर्च १७,०००, म्हणजे हप्त्याला उरतात १४,००० आणि जातात २४,०००. दर महिन्याला दहा हजाराचा खड्डा, आणि तो तुम्ही नवीन कर्जानं बुजवायलात. खर्चाला कात्री लावून हा खड्डा भरत नाही, पोरीचा डबा बंद करून तर बिलकुल नाही.

तुम्ही आतापर्यंत काय केलंत, जो जास्त ओरडला त्याला आधी दिलंत. ॲपवाला दिवसातनं वीस फोन करतो म्हणून त्याला, गावातला पारावर चारचौघात बोलतो म्हणून त्याला. कार्ड गप्प असतं, मिनिमम भरलं की मेसेजसुद्धा गोड येतो, म्हणून ते मागं राहिलं. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के, आणि कार्डाचं व्याज साधारण महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर वर्षाला ४२. सावकाराला आपण पिढ्यान् पिढ्या शिव्या घालतो आणि त्याच्याहून महाग कार्ड पाकिटात जपून ठेवतो!

आता सोनं. तुम्ही लिहिलंय तीन तोळे आहे, गंठण आणि पाटल्या. तोळा लाखाच्या वर गेलाय आणि त्या सोन्यावर कर्ज आहे ९० हजार. यातलं दीड-पावणेदोन तोळे विकलं तर पतसंस्था, दोन्ही ॲप आणि गावातले ५०,००० मिळून १,६२,००० एका झटक्यात निघतात, आणि उरलेलं सोनं घरात परत येतं. सोडवायला हातात रोख नसेल तर ओळखीचा सराफ पतसंस्थेत सोबत येऊन पैसे भरतो, पण भाव आधी लातूरच्या गोलाईत, बाजारपेठेत, दोन-तीन दुकानांत विचारा, एकावर विसंबू नका. फक्त एक, ते सोनं तुमचं नाही, वहिनींचं आहे. म्हणजे त्यांना निम्मं नाही, सगळंच सांगावं लागणार, आणि त्या नको म्हणल्या तर विषय तिथं संपला, मग दुसरा रस्ता शोधू. माझा अनुभव असाय की बायका सोनं विकण्यावरनं जेवढ्या चिडत नाहीत तेवढ्या लपवण्यावरनं चिडतात. पहिले दोन-चार दिवस घरात बोलणं बंद राहील, राहू द्या.

गावातल्याचे पैसे देताना दोन माणसं सोबत न्या, चिठ्ठी आणि कोरा चेक दिला असेल तर तो हातात पडल्याशिवाय नोटा सोडू नका. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे, लायसन नसताना व्याजानं पैसे देणं गुन्हा आहे, तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडं तालुक्यालाच करता येते. पण रोज तोंड बघायचंय तर आधी सरळ मिटवून बघा, चेक देत नाही म्हणला तरच तिकडं जा.

राहिलेलं पर्सनल लोन. सध्या हप्ता ९,२०० आणि ४४ महिने बाकी. १५ टक्के व्याज धरून मुदत ६० महिने करून मिळाली तर हप्ता साधारण ७,४०० वर येतो. फुकट नाही हे, एकूण ३७-३८ हजार जास्त जातील, आणि क्रेडिट रिपोर्टवर पुनर्रचनेची नोंद पडू शकते. पण आज दर महिन्याला श्वास घ्यायला जागा पाहिजे. अर्ज लेखी करा, सोबत पगारपत्रक आणि घरखर्चाचा कागद जोडा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. हप्ता थकायच्या आधी जा, थकल्यावर गेलेल्या माणसाकडं बँक वेगळ्या नजरेनं बघते हे मी खुर्चीच्या त्या बाजूनं सांगतो. हप्त्याची तारीख पगाराच्या नंतरची करून मागा, बरेच बाउन्स त्या दोन-चार दिवसांच्या फरकानं होतात. कार्डाची बाकी ईएमआयमध्ये बदलून मागा, १८ टक्क्यांनी ३६ महिने मिळाले तर २,८०० च्या आसपास बसेल, आणि कार्ड त्याच दिवशी कापून टाका. गाडीचे ३,१००. झाले १३,३००. वर सातशे उरतात, ते डब्यात टाका. गाडी साधारण चौदा महिन्यांत फिटेल, मग तेच ३,१०० साडूला, वीस महिन्यांत तेही मोकळे. साडूला आत्ताच जाऊन सांगा की अमुक महिन्यापासून देणार. लग्नकार्यात तोंड चुकवणं थांबलं तरी निम्मा घोर जातो.

सोयाबीन मी हिशोबात धरलेलं नाही आणि तुम्हीपण धरू नका. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडं काय झालं ते बघितलंत ना, उभं पीक पाण्यात गेलं. पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, आली तर ती क्लासच्या फीला आणि दवाखान्याला.

फोनचं सांगतो. वसुलीवाल्यानं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांना सांगून बदनामी करायची नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, बँकेला आणि फायनान्स कंपनीला दोघांनाही. ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट, फोटो उघडायचा अधिकारच नाही. फोन आला तर नाव, कंपनी विचारा, रेकॉर्ड करा, आणि एकच वाक्य बोला, जे काय असेल ते लेखी पाठवा. ऐकत नसतील तर आधी त्यांच्याकडंच लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, फी लागत नाही, चौकशीला १४४४८.

आणि रविवारी सकाळी एक तास दोघांनी वही घेऊन बसा, काय गेलं काय राहिलं. आठवड्यात इतर वेळी कर्जाचा विचार आला तर वहीच्या मागच्या पानावर लिहायचा आणि रविवारवर ढकलायचा. झोप लगेच येणार नाही. दोन-तीन आठवड्यांनीसुद्धा पहाटे जाग येत असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीला दाखवा, बीपीची गोळी घेतो तसंच आहे ते.

---

प्रश्न : सर, मी माजलगावकडची. मालक ऊसतोडीला जातात, मुकादमाकडनं उचल घेतलेली असते. मी तीन फायनान्सच्या गटात आहे. एका बाईनं हप्ता नाही भरला तर साहेब आम्हा सगळ्यांना तिच्या दारात बसवून ठेवतो, रात्र झाली तरी उठू देत नाही. आता चौथ्या गटाचा फॉर्म भरायलेत बाया, मीपण भरू का?

उत्तर : नका भरू ताई. तिसऱ्याचा हप्ता चौथ्यातनं भरायचा म्हणजे वर्षभरात पाचवा गट शोधायची पाळी येते. वर्षाला तीन लाखापर्यंत कमाईच्या घराला अशी कर्जं बिनतारण देतात, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. तुमच्या घरात ते निम्मं केव्हाच ओलांडलंय असं तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या आकड्यांवरनं दिसतं, म्हणजे चौथं कर्ज देणाऱ्याचीच चूक होणार. बायांना दारात बसवणं ही वसुली नाही, छळ आहे. एकटीनं भांडू नका, गटातल्या पाच-सहा जणींनी मिळून कंपनीच्या वरच्या ऑफिसला लेखी द्या, तारीख-वेळ घालून. वकील लागला तर तालुका विधी सेवा समितीकडं बाईमाणसाला कमाई न बघता मोफत मिळतो, १५१०० ला विचारा. आणि उचलीचा आकडा मालकांकडनं वहीत लिहून घ्या, हंगाम संपल्यावर किती फिटली त्यावरच भांडणं होतात.

---

प्रश्न : कार्डाचं सेटलमेंट केलं, निम्म्यात मिटलं. तरी दोन वर्षांनी होम लोन नाकारलं. असं कसं? (परभणी)

उत्तर : कारण क्रेडिट रिपोर्टवर "सेटल्ड" लिहिलेलं आहे, "क्लोज्ड" नाही. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ, यानं पूर्ण दिले नव्हते. क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या चारही कंपन्यांकडनं वर्षातनं एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढून बघा. जमत असेल तर सोडलेली रक्कम भरून टाका, बँकेकडनं नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, घ्या आणि नोंद बदलायला लावा. बदललेली नोंद रिपोर्टवर दिसल्याशिवाय नवीन अर्ज टाकू नका, प्रत्येक अर्जाची चौकशीपण तिथं चढते.