मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. झाल्यावर फळ-भाजी प्रक्रियेचा उद्योग काढायचा आहे; पदवीचा खरंच उपयोग होतो का?

हो, होतो, पण चव जमवण्यात नाही, माल टिकवण्यात. पाककृती कुणीही मिळवतं. बाटली दोन महिन्यांनी का फुगली, हे तुम्हाला शोधता येतं. मी प्रक्रिया उद्योगात गुणवत्ता तपासणीचं काम करते, त्यावरून सांगते. पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितका पदार्थ आंबट) ४.६ किंवा त्याखाली असेल तर बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, जिवाणू वाढत नाही. वॉटर ॲक्टिव्हिटी, म्हणजे जंतूंना वापरता येईल अशा पाण्याचं माप, ०.८५ च्या खाली गेली की रोगकारक जिवाणूंची वाढ थांबते, बुरशी मात्र त्याखालीही येते. हे पुस्तकात वाचलेलंच असेल. नवखे लोक चुकतात ते मोजण्यात: आम्लात बुडवलेल्या भाजीच्या नुसत्या पाण्याचा पीएच घेतात. पाणी ३.८ दाखवतं आणि तुकड्याचा गाभा अजून ५ च्या वर असतो! आम्ल आतपर्यंत मुरू द्या, मग तुकडे वाटून मोजा. आणि पीएच मीटर रोज ४ व ७ पीएचच्या बफरवर (पीएच ठाऊक असलेल्या द्रावणावर) लावून घ्या, कंटाळा आला तरी.

एक मात्र आहे. बीकरमध्ये जमलेलं मोठ्या कढईत जसंच्या तसं जमत नाही. ५०० ग्रॅम जॅम झटपट आटतो. ५० किलोला इतका वेळ लागतो की रंग काळवंडतो, पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळातला घटक) तुटतं आणि जॅम धरतच नाही. त्यामुळे घाणे लहान ठेवा. हिशेब आणि विक्री पदवीत शिकवत नाहीत. त्यासाठी भागीदार किंवा अनुभवी माणूस आधीच गाठा.