सोफोक्लीसच्या ग्रीक नाटकातल्या, नकळत बापाला मारून आईशी लग्न करणाऱ्या ईडिपस राजाचा घात त्याच्या गर्वानेच केला ना? अ‍ॅरिस्टॉटलचा ‘हामार्तिया’ म्हणजे हाच स्वभावदोष का?

नाही, अ‍ॅरिस्टॉटलच्या शब्दाचा तसा अर्थ होत नाही. शोकांतिकेवरच्या त्याच्या ‘पोएटिक्स’ या ग्रंथाच्या १३व्या प्रकरणात येणाऱ्या ‘हामार्तिया’मागचं ग्रीक क्रियापद नेम चुकण्यासाठी वापरलं जायचं. म्हणजे चूक, गफलत. नायक दुष्टपणामुळे पडू नये असंच तो तिथे बजावतो, आणि उदाहरण ईडिपसचंच देतो. आपण ‘गर्व’ म्हणून खपवतो तो ‘ह्यूब्रिस’ शब्द त्या प्रकरणात येतच नाही. अथेन्सच्या कायद्यात तर तो दुसऱ्याची मानहानी करण्याचा गुन्हा होता. नाटकातला प्रसंगच बघा: तिठ्यावर रथातला म्हातारा ईडिपसच्या डोक्यात पराणी हाणतो, हा हातातल्या काठीने त्याला लोळवतो. तो आपला बाप आहे हे त्याला ठाऊकच नाही. बाप मानलेल्या माणसाच्या जिवाला आपल्याकडून धोका नको, म्हणून तर त्याने कॉरिंथ शहर सोडलेलं असतं! यात चूक आहे, रागही आहे, पण गर्व ओढूनताणूनच आणावा लागतो.

एक मात्र खरं, ईडिपस तापट आणि स्वतःच्या हुशारीवर खूश आहे. आंधळ्या भविष्यवेत्त्या टायरेसियसला तो डोळ्यांबरोबर कानांनी आणि बुद्धीनेही आंधळा ठरवतो, मेहुण्यावर, क्रेऑनवर, कटाचा आळ घेतो. पण तोवर खून आणि लग्न होऊन वर्षं उलटलेली असतात. गर्वाने बुडालेला माणूसच हवा असेल तर सोफोक्लीसच्याच ‘अँटिगनी’ नाटकातला क्रेऑन घ्या, तिथे हे सूत्र बरंच चपखल बसतं.