नवीन गाडीच्या समोरच्या काचेला तडा गेलाय, शोरूमवाले क्लेम करा म्हणतात. करू का?

तुमचा प्रश्न वाचला. गाडी महिन्याचीही नाही, वाघोलीजवळ पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडा उडाला, काचेच्या खालच्या कडेपासून वीतभर चीर गेली. वॉरंटीत बसेल का, चिरेत रेझिन (पातळ पारदर्शक चिकट) भरून घेता येईल का, हे तुम्ही विचारलंय. आणि शेवटी लिहिलंय, 'शोरूमवाले म्हणतात झिरो डेप आहे, फुकटात नवी काच बसेल.' (झिरो डेप म्हणजे भाग बदलताना घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, न करणारं विम्याचं जादा कव्हर.)

या 'फुकटात'साठीच लिहायला बसलोय. बाकीचं ओघात येईल.

वॉरंटीचं आधी संपवतो. खडा लागला असेल तर वॉरंटीत काही मिळत नाही, भांडून वेळ घालवू नका. काचेच्या कडेपासून निघालेली चीर आणि कुठेही माराची खूण नाही, असं असेल तरच बोलायला जागा असते. काच बसवताना ताण राहिला तर तशी चीर जाते. बॉलपेनचं टोक चिरेवरून अलगद फिरवून बघा. कुठे अडकलं तर तिथे खडा बसलाय. सर्व्हिस ॲडव्हायझरही आधी तेच शोधतो, आणि सापडलं की त्याचा चेहरा खुलतो.

आता माझं. नवी गाडी, सारसबागेत गणपतीपुढे पूजा करून आणलेली, बॉनेटवरचा हार अजून सुकायचा होता. आईला घेऊन साताऱ्याहून येत होतो. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना पुढे खडीचा हायवा, म्हणजे डंपर. ताडपत्री होती, पण नुसती वर टाकलेली, बांधलेली नव्हती. मी लेन बदलणार तेवढ्यात टक्क! उजव्या वायपरच्या थोडं वर नाही, चांगलं डाव्या बाजूला, आईच्या समोर टवका उडाला. रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, मधे बारीक खळगा आणि भोवती चांदणीसारख्या दोन-तीन रेषा. आई म्हणाली, "तरी मी म्हणत होते, लिंबू-मिरची बांध."

वारज्याला पहिल्या पेट्रोल पंपावर थांबलो, शेजारच्या दुकानातून सेलोटेप घेतली आणि टवक्यावर बाहेरून चिकटवली. हे तुम्हालाही सांगतो, कुणालाही सांगतो: टवका दिसला की पहिलं काम टेप. आत धूळ आणि पाणी शिरलं की नंतर कितीही चांगलं रेझिन भरा, डाग राहतो. एसीचा झोत काचेवरून काढला, घरी येईपर्यंत स्पीडब्रेकरवर गाडी अक्षरशः चालवत नेली. उन्हात तापलेल्या काचेवर आतून गार हवा सोडली की टवक्याची चीर व्हायला वेळ लागत नाही. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवाराही तेच करतो.

दुसऱ्या दिवशी शोरूम. ॲडव्हायझरने काचेकडे नीट बघितलंही नाही. "सर, क्लेम टाकू या. झिरो डेप आहे ना? नवी काच बसवून देतो." मी विचारलं, भरून मिळेल का? म्हणाला, "आम्ही ते करत नाही सर, गॅरंटी नसते." करत नाहीत हे खरं. गॅरंटीचं मात्र त्याने मनाचं जोडलं.

घरी आलो तर आमचे थोरले साडू बसलेले. साडूंचं आणि माझं पैशाच्या बाबतीत कधीच जमलेलं नाही. त्यांच्या मते हप्ता भरला की तो वसूल केलाच पाहिजे. त्यांनी आदल्या वर्षी याहून बारीक टवक्यासाठी क्लेम करून काच बदलून घेतली होती आणि तो किस्सा प्रत्येक लग्नाकार्यात सांगत होते. म्हणाले, "अरे वेड्या, फुकट मिळतंय तर घे ना! झिरो डेपचे पैसे कशाला भरलेस?"

हे झिरो डेपचं आधी मिटवू. साध्या पॉलिसीतही काचेला घसारा शून्यच धरतात. प्लास्टिक, रबर, नायलॉन यांना पन्नास टक्के, फायबरला तीस, काचेला काही नाही. म्हणजे काच मिळते ती साध्या ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, कव्हरमुळे. झिरो डेपचा उपयोग झाला तर बीडिंग (काचेच्या कडेची पट्टी) आणि क्लिपांपुरता. शिवाय सक्तीची वजावट आपल्याच खिशातून जाते, १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,०००. हे साडूंना मी तेव्हाही सांगितलं होतं.

खरी मेख एनसीबीत, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीत आहे. साडू म्हणाले, "एनसीबी म्हणजे किती? चौदा हजाराच्या हप्त्याचे वीस टक्के, अठ्ठावीसशे. अठ्ठावीसशेसाठी फुटक्या काचेतून बघत बसणार का?" मी वहीच काढली. क्लेम नसेल तर सवलत वर्षागणिक वाढते: २०, २५, ३५, ४५, ५० टक्के. पहिल्याच वर्षी क्लेम केला की पुढच्या वर्षी शून्य, आणि मग तीच शिडी एक पायरी खालून चढायची. पहिल्या नूतनीकरणाला वीस टक्के गेले, दुसऱ्याला पंचविसाऐवजी वीस म्हणून पाच, मग दहा, मग दहा, मग पाच. बेरीज पन्नास टक्के. म्हणजे ओन डॅमेजचा हप्ता चौदा हजार असेल तर सात हजार, गाडीची किंमत दरवर्षी उतरते म्हणून थोडे कमी, साडेपाच-सहा धरा. त्यात वजावटीचे हजार. साध्या हॅचबॅकच्या काचेचं बिल समजा नऊ हजार आलं, तर ही 'फुकट'ची काच आपणच हप्त्याहप्त्याने विकत घेतो. फक्त पावती मिळत नाही.

साडूंनी वही बघितली आणि म्हणाले, "तू फार हिशेबी आहेस." याला उत्तर म्हणतात का, तुम्हीच सांगा.

मी नाना पेठेत गेलो. स्पेअर पार्टच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत एक काचवाला आहे, फक्त काचेचंच काम करतो. त्याने आधी गाडी पत्र्याच्या शेडखाली घ्यायला लावली. म्हणाला, उन्हात रेझिन भरता भरताच सुकतं. मग टेप काढून टवका टोकदार सुईने साफ केला, सुटलेला काचेचा चुरा उचलला. आतल्या बाजूला छोटा आरसा लावला, म्हणजे बाहेर बसून रेझिन कुठवर शिरतंय ते दिसतं. बाहेरून सक्शनवर बसणारं एक तिपाईसारखं यंत्र, मधे बारीक नळी. आधी नळीतून हवा ओढून घ्यायची, मग रेझिन दाबायचं, परत ओढायचं, परत दाबायचं. मी आरशात बघत होतो. चांदणीच्या रेषा काळ्या दिसायच्या त्या एकेक करून विझत गेल्या. एक रेषा अडून बसली. त्याने आतून अंगठ्याने काच हलकी दाबली आणि तीही गेली. वर प्लास्टिकचा तुकडा, त्यावर निळ्या उजेडाचा यूव्ही दिवा, मग ब्लेडने वरचं रेझिन खरवडून पॉलिश. खर्च हजाराच्या आत. आज ती जागा दाखवायला मला बोट ठेवावं लागतं, तिरप्या उन्हात मात्र ठिपका दिसतो. अदृश्य होतं असं सांगणारा थाप मारतो.

हे जमतं याचं कारण पुढची काच मुळात दोन काचांची असते, मधे प्लास्टिकचा पापुद्रा. खडा बाहेरच्या थराला लागतो, आतला शाबूत असतो. म्हणून आतून नख फिरवून बघायचं, गुळगुळीत लागलं तर आशा आहे. बाजूच्या काचा साधारणपणे एकेरी आणि टफन केलेल्या, त्यांचा एकदम चुराच होतो, तिथे भरण्याचा प्रश्नच नाही.

आणि साडूंची फुकटची काच? पहिल्या पावसात डावीकडच्या मॅटखाली पाणी. बायपासला ऐंशीच्या वर गेलं की शिट्टी. मेव्हणी म्हणायची, "कुकर लावलाय का गाडीत?" सर्व्हिस सेंटरने एकदा सिलिकॉन फासून दिलं. दुसऱ्यांदा बीडिंग उचलून बघितल्यावर कळलं की जुनी काच कापताना कटरने चौकटीचा रंग खरवडलेला, त्यावर प्रायमर न लावताच नवा चिकट मारलेला आणि तिथे गंज धरलेला. गाडी तेव्हा दोन पावसाळेही जुनी नव्हती. कारखान्यात बसवलेली काच यंत्राने एकसारख्या जाडीच्या चिकटावर बसते. ती एकदा कापली की पुढचं सगळं हाताच्या कसबावर. म्हणून माझं स्पष्ट मत, भरता येण्यासारखा टवका असताना काच बदलणं हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि तो फुकटात मिळत असेल तर दुप्पट.

साडू अजून मान्य करत नाहीत. त्यांचं म्हणणं, काच 'कंपनीची ओरिजिनल' होती, कामगार वाईट होता. अहो, काच गाडीची कंपनी बनवतच नाही! आपल्या चाकणजवळ कुरुळीला सेंट-गोबेन सेक्युरिटचा कारखाना आहे, तिथे गाड्यांच्याच काचा होतात. गाडीच्या कंपन्या अशा काचवाल्यांकडून काच घेतात. काचेच्या कोपऱ्यातला शिक्का वाचा, बनवणाऱ्याचं नाव आणि आयएसआयची खूण असते. ती बघा आणि मोकळे व्हा. काचेने कधी गळती केली नाही, चिकटाने केली. म्हणजे मी म्हणतो तेच.

आता तुमचं. तुमची चीर वीतभर आहे आणि कडेपासून आहे, त्यामुळे वरचं रेझिनचं पुराण तुम्हाला लागू नाही. कडेपर्यंत पोचलेली चीर, ड्रायव्हरच्या नजरेसमोरचा टवका, आतल्या थराला लागलेला मार, यातलं काहीही असेल तर भरून घेऊ नका, काच बदला. चालढकलही करू नका. काच गाडीच्या छपराला आधार देते, आणि बऱ्याच गाड्यांत डावीकडची एअरबॅग फुगताना काचेवरच टेकते. तडकलेली किंवा नीट न चिकटलेली काच त्या वेळी दगा देते.

क्लेम करायचा की खिशातून, ते बिल किती येतं त्यावर. आधी लेखी एस्टिमेट मागा, मग पॉलिसीतला ओन डॅमेजचा आकडा बघा. पूर्ण हप्ता नको, थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या, रकमेवर एनसीबी नसतोच. त्याच्या निम्म्यात वजावट मिळवा. बिल त्याच्या आसपास असेल तर खिशातून भरा आणि शोरूमचा नाद सोडून चांगला काचवाला गाठा. आरशामागे कॅमेरा, पावसाचा सेन्सर वगैरे असलेली गाडी असेल तर बिल खूप वर जातं, तिथे निमूट क्लेम करा. एनसीबी प्रोटेक्ट, म्हणजे क्लेम केला तरी सवलत टिकवणारं जादा कव्हर, घेतलं असेल तर माझं सगळं गणितच बदलतं, त्यातही वर्षाला किती क्लेम चालतात ते कागदावर वाचा. आणि पुढच्या चार-पाच वर्षांत तुम्ही दुसरा कुठला क्लेम केलात तर शिडी तशीही कोसळणार, तेव्हा साडूंचंच बरोबर ठरेल. मी अजून केलेला नाही.

क्लेम करणार असाल तर काचेला हात लावण्याआधी विमा कंपनीला कळवा, फोटो काढा, त्यांचा सर्व्हेअर बघून गेल्याशिवाय काच उतरवू देऊ नका. आधी बदलून मग बिल लावायला गेलात तर अडवतात.

बसवताना तिथे उभे राहा. ॲडव्हायझर लाउंजमध्ये चहा प्या म्हणेल, जाऊ नका. जुनी काच निघाली की चौकटीवर कुठे रंग खरवडलाय का बघा आणि असेल तिथे प्रायमर लावून घ्या. चिकट कोणता आणि किती तासांनी गाडी चालवायची हे विचारा. 'लगेच न्या सर' म्हणाले तर डब्यावर छापलेलं वाचून दाखवायला सांगा. त्या दिवशी एक खिडकी बोटभर खाली ठेवा. बंद गाडीत दार आपटलं की आतली हवा ओल्या चिकटावर दाब देते. एक-दोन दिवस धुऊ नका, बायपासला पळवू नका.

फास्टॅगचं कुणी सांगत नाही. तो जुन्या काचेबरोबर जातो. सोलून काढायला गेलात की फाटतो आणि निकामी होतो, तसाच तो बनवलाय. ज्या बँकेचा आहे तिच्याकडे बदली टॅग आधीच मागवून ठेवा, खात्यातली शिल्लक तशीच राहते. नाहीतर खेड शिवापूरला मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत उभे राहाल.

कॅमेरेवाली गाडी असेल तर काच बदलल्यावर कॅमेरा पुन्हा नेमका जुळवून घ्यावा, म्हणजे त्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं, नाहीतर लेन ओळखणं आणि आपोआप ब्रेक लागणं यावर भरवसा ठेवता येत नाही. एस्टिमेटमध्ये ती ओळ आहे का बघा आणि कॅलिब्रेशन झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका.