पुण्यात ख्रिस्ती सेवेला नव्याने आलेल्या भावासाठी

पहिले काही महिने कामाची घाई करू नकोस. आधी एक मराठी मंडळी, म्हणजे चर्च, धर आणि दर रविवारी तिथेच जा. आज इथे, उद्या तिथे असं केलंस तर कुणाचाच होणार नाहीस. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं पाठ कर. आजारी आजींच्या उशाशी बसलास की प्रवचनापेक्षा तीच कामी येतात. त्या स्वतःच पुढची ओळ धरतात. खोली घेताना भाडेकरार रजिस्टर करून घे, पोलिसांकडे भाडेकरूची नोंदही कर. काय काम करतोस ते घरमालकांना आधीच सरळ सांग. गुरुवार पेठेतलं पवित्र नाम देवालय हे चर्च बघ. सवड काढून दौंडच्या गाडीने केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनलाही जाऊन ये. आणि आठवड्याची सुट्टी घेच, घरी फोन कर.