दहा पौंडांवरच्या लार्जमाउथ बाससाठी (गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा मासा) गळाला नेहमीची रबरी अळी सोडून वेगळं आमिष चालतं का? (सॅन दिएगोजवळचे तलाव)

चालतं, आणि हिवाळ्यात तर वीतभर लांबीचा, ट्राउटसारखा रंगवलेला रबरी मासाच लावा. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बऱ्याच तलावांत थंडीत रेनबो ट्राउट मासे सोडतात, आणि मोठे बास ते खातात. थोराड बास म्हणजे बहुतेक वेळा मादीच. बारीकसारीक किड्यांमागे ताकद घालवण्यापेक्षा तिला असा एकच मोठा घास परवडतो. आमिष टाकल्यावर तळापर्यंत बुडू द्या, मग रीळ (दोरी गुंडाळायची चकती) इतकं हळू फिरवा की शेपटी जेमतेम डुलेल. बहुतेक जण इथेच घाई करतात. गळाची काठी मात्र जाड हवी, अळीसाठीच्या हलक्या काठीने हे वजन फेकता येत नाही.

खरा मासाही तितकाच गुणी: 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांना 10.12 किलोचा बास मिळाला तो जिवंत ब्लूगिल (एक छोटा मासा) लावून. जॉर्जियातल्या जॉर्ज पेरी यांच्या 1932 च्या जागतिक विक्रमाशी त्याची बरोबरी झाली. पण जिवंत मासा गळाला लावण्याचे नियम राज्यागणिक, कधी तलावागणिक बदलतात, ते आधी वाचा.

एक लक्षात ठेवा, मोठ्या आमिषाला मासे फार कमी लागतात. अख्खा दिवस एकही ओढ न बसता जाऊ शकतो. दिवसभरात भरपूर मासे हवे असतील तर अळीच बरी. आणि मोठी मादी लागलीच तर नुसत्या जबड्याला धरून लटकवू नका, पोटाखाली दुसरा हात द्या आणि लगेच पाण्यात सोडा.