शेवटची रात्र हॅवलॉकला नको. बाकी अंदमानात काय करायचं ते सांगतो

तुम्ही विचारलंय की जानेवारीत सहा दिवसांत अंदमानात काय काय करता येईल. पण खाली तुम्ही टूरच्या ऑफिसने दिलेला आराखडा टाकलाय तो वाचला, त्यामुळे आधी त्याच्याबद्दल. पहिल्या दोन रात्री पोर्ट ब्लेअर, मग एक रात्र नील बेटावर, दोन रात्री हॅवलॉक बेटावर, आणि सहाव्या दिवशी सकाळच्या बोटीने परत येऊन दुपारचं कोलकात्याचं विमान, पुढे नागपूर. सोबत गुडघे दुखणारी आई आणि नऊ वर्षांचा मुलगा. जवळपास हाच कागद आम्हालाही नागपुरातल्याच एका ऑफिसने दिला होता. नाव विचारू नका, खाजगी निरोपातही सांगणार नाही.

त्या कागदाची शेवटची ओळ बदलून घ्या. हॅवलॉक ते पोर्ट ब्लेअर म्हणजे नागपुरातली बर्डीहून कामठीची बस नव्हे, की एक गेली तर मागून दुसरी येईल. वारा आणि लाटा वाढल्या की बोटी थांबवतात. कधी एखादी फेरी रद्द होते, कधी दिवसभर काहीच सुटत नाही. जानेवारी ते एप्रिल समुद्र बहुतेक शांत असतो, म्हणून ऑफिसवाले "काही होत नाही हो" म्हणतात. बहुतेक वेळा खरंच होत नाही. झालं की काय होतं ते मात्र कुणी सांगत नाही. बोटवाला स्वतःच्या तिकिटाचे पैसे परत देतो, त्याची जबाबदारी तिथेच संपते. विमान कंपनीच्या लेखी तुम्ही आला नाहीत, एवढंच. पुढचं कोलकाता–नागपूर वेगळ्या तिकिटावर असेल तर तेही बुडालं. दुसऱ्या दिवशी बोटी सुरू झाल्या तरी आधी त्या दिवसाचं तिकीट असलेले बसतात, आणि सरकारी बोटीत बेटावरच्या रहिवाशांना प्राधान्य असतं, ते योग्यच आहे. आणि नागपुरातलं ऑफिस? "निसर्गापुढे कोणाचं चालतं?" पैसे घेताना हाच निसर्ग कुठे होता, हे विचारायची सोय नसते. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत सगळं आधीच छापलेलं असतं.

उपाय फुकटचा आहे, म्हणून जास्त चीड येते. रात्री पाचच राहतात, फक्त क्रम बदलतो. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मग दोन हॅवलॉक, एक नील, आणि शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर. नीलहून येणारी बोट रद्द झाली तरी हाताशी एक दिवस उरतो. ऑफिस म्हणेल हॉटेलं बुक झाली. तरी बदलायला लावा. तारखांच्या अदलाबदलीचे थोडे पैसे लागले तरी चार विमान तिकिटांपेक्षा ते कमीच असतात.

त्याच फोनवर आणखी एक गोष्ट मागा: बोटीची खरी तिकिटं. व्हाउचर नव्हे. प्रत्येकाचं नाव ओळखपत्रावर आहे तसं, तारीख, वेळ आणि कोणत्या जेटीवरून, हे सगळं असलेली. पोर्ट ब्लेअरला खाजगी बोटी हॅडोहून आणि सरकारी फिनिक्स बे वरून सुटतात, चुकीच्या जेटीवर टॅक्सी गेली की धावपळ. आणि तिकिटावर श्री विजयपुरम, स्वराज द्वीप, शहीद द्वीप अशी नावं दिसली तर घाबरू नका. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नीलची ती सरकारी नावं आहेत. बेटांची २०१८ मध्ये बदलली, शहराचं २०२४ मध्ये.

इतकं करूनही अडकलातच, तर जेटीवर वाद घालत बसू नका, विमान सुटायच्या आत कंपनीला फोन करून तारीख बदला. आधी बदललेलं तिकीट आणि न गेलेलं तिकीट यांत खूप फरक पडतो. तेही जमलं नाही तर विमानतळ शुल्क आणि करांचा परतावा मागा. तिकीट परत न मिळणारं असलं तरी तेवढे पैसे द्यावेच लागतात. मागितल्याशिवाय सहसा कुणी आठवण करून देत नाही.

आता काय करायचं ते. आधी घड्याळ समजून घ्या. अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आहे आणि वेळ मात्र भारताचीच. जानेवारीत तिथे सूर्य सव्वापाचच्या आसपास मावळतो, नागपुरात त्या दिवसांत सहाला पाच-सात मिनिटं कमी असताना. सकाळी पावणेसहाला उजाडतं. म्हणजे "नाश्ता करून दहाला निघू आणि पाचला राधानगरला पोचू" या हिशेबाने सूर्यास्त गाडीतच बघाल. राधानगर हॅवलॉकच्या जेटीपासून बारा-एक किलोमीटर, तीनलाच निघा. वाळू सपाट आहे, आईंना चालायला सगळ्यात सोपा किनारा हाच. पोहायचं ते जीवरक्षक सांगतील त्याच भागात. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथे असतात, २०१० मध्ये याच बाजूला एका पर्यटक महिलेचा जीव गेला होता. फलक उगाच लावलेले नाहीत. किनाऱ्याच्या टोकाकडच्या खाडीत जाऊ नका.

हॅवलॉकच्याच एलिफंट बीचला सकाळची पहिली बोट घ्या. उशिरा गर्दी होते आणि गाळ उठून पाणी गढूळ होतं. चढताना-उतरताना गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागतो, ते आईंना जमेल का बघा. तिथे स्नॉर्केलिंगला, म्हणजे पालथं तरंगत पाण्याखालचं बघायला, मास्क देतील तो लगेच घालू नका. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर मापाचा, गळून पडला तर दुसरा मागा. मुलासाठी लहान मास्क आधीच मागून ठेवा. केस आत अडकले की पाणी शिरतं, मिशीवाल्यांचंही तेच, नाकाखालची अगदी वरची रेघ कापली की बरंच थांबतं. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून पाण्यात विसळतात. किळस करू नका, सगळे हेच करतात. आणि अंगात पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट हवाच. नागपूरकरांना वाटतं आपल्याला ऊन काय नवीन, पण पाण्यात पालथं तरंगताना गारवा लागतो, पाठ भाजल्याचं रात्री कळतं.

स्कूबाचं, म्हणजे हवेची टाकी लावून पाण्याखाली जायचं, तेही सांगतो, पण मी डॉक्टर नाही. पोहता येत नसलं तरी शिक्षकासोबत एखादी डुबकी मारता येते. मुलगा नऊचा आहे, किमान वय दहा. वय वाढवून सांगायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन असेल तर फॉर्मवर खरं लिहा. सर्दी असेल तर त्या दिवशी जाऊच नका. खाली जाताना नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कान दुखायला लागण्याआधी, दर मीटरभराला. दुखू लागल्यावर जोर लावला तर कानाला इजा होते. श्वास तोंडाने, आणि कधीही रोखून धरायचा नाही. एका डुबकीनंतर विमानात बसण्याआधी निदान बारा तास जायला हवेत, जास्त डुबक्या झाल्या तर अठरा. पूर्ण दिवस धरलेला बरा. वरचा क्रम लावलात की डुबकी आणि विमानात आपोआप दोन दिवसांचं अंतर पडतं.

नीलला भरती-ओहोटी न बघता जाणं म्हणजे अर्धी सहल वाया. दगडी नैसर्गिक पुलापर्यंत फक्त ओहोटीत जाता येतं, खालचे खडक आणि प्रवाळ उघडे पडतात तेव्हा. उलट भरतपूरच्या किनाऱ्यावर पाणी उतरलं की नुसते दगड दिसतात. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे "चार वाजता पूल" असं कागदावर आधीच छापून ठेवलेलं वेळापत्रक कसं बनवलं असेल याचा अंदाज करा. कोकणातले लोक तिथीवरून भरतीची वेळ काढतात, ते गणित तिथे तसंच लावू नका. पोर्ट ब्लेअरचं भरतीचं कोष्टक बघा किंवा हॉटेलवाल्याला आदल्या रात्री विचारा. पुलाकडची वाट निसरडी आणि टोचरी आहे. आईंना लक्ष्मणपूरच्या किनाऱ्यावर बसवा, सूर्यास्त तिथून छान दिसतो.

पाचव्या दिवशी, नीलहून पोर्ट ब्लेअरला परतल्यावर, सेल्युलर जेल. सात बाहूंपैकी आज तीनच उभे आहेत. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर टोकाला आहे, जिने चढावे लागतात. दिवसा आधी स्वतः नीट बघा, मग संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम. उलट केलं तर अंधारात काय कुठे आहे तेच कळत नाही. जवळच्या रॉस बेटावर जायचं असेल तर आधी चौकशी करा, बुधवारी ते बंद असतं.

बाराटांग बेटावरची चुनखडीची गुहा तुमच्या कागदात "ऐच्छिक" म्हणून आहे. माझं मत, वगळा. पहाटे चारच्या आत निघायचं, गाड्यांच्या ताफ्यातून जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जायचं, आणि बऱ्याच गाड्यांत गुहेपेक्षा "दिसतील का ते" हीच चर्चा. १९५६ पासून त्यांच्या संरक्षणाचा कायदा आहे, फोटो काढणं गुन्हा आहे. आईंना तर तो प्रवास झेपणार नाही. कुणाला पटणार नाही, चालेल.

उरलेलं पटापट. बोट लागत असेल तर गोळी कोणती आणि कधी ते आपल्या डॉक्टरांना नागपुरातच विचारा, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग नाही. बसायला मधली, खालची जागा. नील-हॅवलॉकला रोख जवळ असू द्या, नेटवर्क गेलं की यूपीआय जातं. किनाऱ्यावरचे शंख आणि प्रवाळ, मेलेलेसुद्धा, बॅगेत टाकू नका. विमानतळावर काढून घेतात आणि प्रकरण वाढू शकतं. मुलाला हे जायच्या आधीच सांगा, कारण खिसे तोच भरणार. हवं तर सरकारी सागरिका दुकानातून बिल घेऊन विकत घ्या.

ऑफिसने क्रम बदलून दिला की नवा कागद आणि तारखा इथे टाका, नीलच्या दिवसाची ओहोटी बघून सांगतो. नाही म्हणाले तर काय कारण दिलं तेही लिहा.