शिवणीतली माया

ताई, वय २९, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. गेल्या वर्षी नाही नाही ते आवाज ऐकू यायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी ओलान्झापिन सुरू केलं. आवाज थांबले, झोप लागते. पण आठ महिन्यांत ५४ किलोची ६७ झाले. रात्री अकराला उठून डबे धुंडाळते. अशक्तपणा जावा म्हणून सासूबाई रोज गंगावेशीतून म्हशीचं दूध आणवतात. लग्नात जो तो म्हणतो, "लई सुटलीस की गं!" चार दिवस झाले, गुपचूप अर्धीच गोळी घेतेय.

– एक वाचक

अगं, आधी डॉक्टरांना फोन कर आणि गोळी अर्धी केलीय हे सांग. आजच. रागावतील म्हणून गप्प बसू नकोस. ही गोळी मनानं कमी केली की झोप उडते, आणि मागोमाग ते आवाज परत येऊ शकतात. पुढं किती घ्यायची ते त्यांनाच ठरवू दे.

आता ते डबे. तू हावरट झालेली नाहीस. हे औषध मेंदूत हिस्टामिन नावाच्या रसायनाचं काम अडवतं, त्यानं पेंग येते आणि भूकही खवळते. जेवून तासाभरात चिवड्याच्या डब्याकडे हात जातो तो त्यामुळे. डॉक्टरांना नुसतं "वजन वाढलं" म्हणू नकोस. ५४ चे ६७, आठ महिन्यांत, असं आकड्यात सांग. कमरेचा घेर, उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल तपासायला हवं, कारण या गोळीनं तेही वाढू शकतं. अॅरिपिप्राझोलसारख्या औषधानं वजन तुलनेनं कमी वाढतं. काहींना जोडीला मेटफॉर्मिन ही मधुमेहावरची गोळी देतात. तुला यातलं काय चालेल, ते विचार. बदल करायचा झाला तरी तो हळूहळूच होतो.

रंकाळ्यावर फेरी मार, रात्रीसाठी काकडी-ताक हाताशी ठेव. पण नुसत्या चालण्यानं तेरा किलो उतरतील असं मी म्हणणार नाही. दुधाचं मात्र सासूबाईंना सांगच. पेलाभर घरचं पुरे, तुला काय खासबागेत कुस्ती धरायचीय? तू बोलायला कचरत असशील तर नवऱ्याला पुढं कर. त्यालाही अर्ध्या गोळीचं कळायला हवं.

लग्नातल्या बायकांना उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस. दोन ब्लाउज शिंप्याकडे टाक आणि सैल करून घे. शिवणीत माया ठेवलेली असतेच.